फोन लावण्याआधी बाळाचे कागद काढा

मुंबईत मुलाच्या आरोग्य विम्याची चौकशी करायची तर त्यासाठी एकच एक नंबर नाही. पाच-सहा आहेत. प्रत्येकामागे वेगळं खातं आहे आणि एका खात्याच्या माणसाला दुसऱ्या खात्याचं विचारलं की तो "ते आमच्याकडे येत नाही" म्हणून मोकळा होतो. त्याची त्यात चूक नसते, त्याच्या कॉम्प्युटरवर तेवढंच दिसत असतं. पण चुकीच्या नंबरवर अर्धा तास घालवलेला माणूस पुढे सगळ्यांना सांगत फिरतो की हेल्पलाइन नावालाच असते.

माझं मत वेगळं आहे. वस्तीतल्या बायकांशेजारी बसून, फोन स्पीकरवर टाकून, असे बरेच कॉल मी ऐकले आहेत. पलीकडच्या माणसाला बहुतेक वेळा माहिती असते. घोडं अडतं ते दोन ठिकाणी. एक, आपण विचारतो काय. दुसरं, मुलाचं नाव कुठल्या कागदावर आहे. यातली दुसरी अडचण मोठी, आणि ती फोनवर सुटत नाही. फोनवर ती फक्त कळते. ती मूल आजारी पडायच्या आधी कळली तर पुढचं सगळं सोपं जातं.

"मुलाचा विमा काढायचाय"

फोन लागला की बहुतेक जण हेच वाक्य बोलतात, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. आपल्या सरकारी योजनांमध्ये मुलाचा वेगळा विमा नसतोच. अमेरिकेत तसा आहे. तिथे १९९७ साली 'चिप' नावाचा खास मुलांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला, आणि पालकांनी फोन केला तर पलीकडचा माणूस प्रश्न विचारत विचारत अख्खा अर्ज फोनवरच भरून घेऊ शकतो. आपल्याकडे कुटुंब धरलं जातं. कुटुंब योजनेत असेल तर मूल आपोआप योजनेत, मात्र ते मूल त्या कुटुंबातलं आहे हे कागदावर दिसायला हवं. वर्षाची रक्कमही सगळ्या घराची मिळून असते. आजोबांच्या बायपासवर त्यातली बरीचशी संपली असेल तर त्याच वर्षी नातवासाठी जे उरलं ते उरलं. म्हणून घरात कुणाचं मोठं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर "आमच्या कार्डावर या वर्षी किती शिल्लक आहे?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच विचारून घ्यावा.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी मुख्य योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जुलै २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे त्यात पहिल्यापासून होते. नाव बदललं २०१७ मध्ये. २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडली गेली. बरीच वर्षं ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डवाल्यांसाठी होती, वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्ड असलेली कुटुंबंही त्यात आली आणि मर्यादा पाच लाखांवर गेली. ही बातमी अजून पुष्कळ घरांत पोचलेली नाही. "आमचं पांढरं आहे हो, आम्हाला कुठलं काय मिळतंय" असं म्हणणारे चाकरमानी आजही भेटतात. त्यांचं कार्ड कपाटात कपड्यांखाली पडलेलं असतं, आणि त्यात पोराचं नाव घातलेलं नसतं.

या योजनेला हप्ता नाही, आणि आधीपासून भरून ठेवायचा अर्जही नाही. मूल योजनेतल्या रुग्णालयात दाखल करायची वेळ आली की तिथे 'आरोग्यमित्र' म्हणून एक माणूस बसलेला असतो. तो कागद बघून नोंदणी करतो, रुग्णालय उपचाराचा प्रस्ताव ऑनलाइन पाठवतं, मंजुरी येते आणि बिलाचे पैसे योजनेतून जातात. केईएम, नायर, सायन, जेजे अशा मोठ्या रुग्णालयांत आरोग्यमित्राचं टेबल सापडतं. सापडलं नाही तर केसपेपरच्या खिडकीवर विचारावं. सर्दी-खोकला, ताप, ओपीडीतली तपासणी यांना ही योजना लागू नाही. ठरलेल्या यादीतल्या शस्त्रक्रिया आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी ती आहे.

योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८, दुसरा १८०० २३३ २२००. दोन्ही नंबर ही योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीचे आहेत.

एक फोन, जवळून

कुर्ल्याच्या एका ताईंचा कॉल सांगते. मुलगा चार वर्षांचा, डॉक्टरांनी हृदयाला छिद्र असल्याचं सांगितलेलं. ताईंनी केसपेपर मांडीवर ठेवला होता, पण घडी न उघडता.

"मॅडम, मुलाचा विमा काढायचा होता."

"विमा काढावा लागत नाही, मॅडम. जिल्हा कोणता तुमचा?"

"मुंबई."

"शहर की उपनगर?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. जन्म मुंबईत गेला तरी हा प्रश्न कुणी आपल्याला विचारलेला नसतो. मुंबईत दोन जिल्हे आहेत. माहीम, धारावी, सायनपर्यंत शहर जिल्हा. वांद्रे आणि कुर्ल्यापासून वर दहिसर-मुलुंडपर्यंत उपनगर. हेल्पलाइनवाल्याला रुग्णालयांची यादी जिल्ह्याप्रमाणे दिसते, म्हणून तो विचारतो. आपण जिल्ह्यातच उपचार घ्यावेत असा काही नियम नाही. कुर्ल्याच्या माणसाला सायन किंवा परळ जवळ पडत असेल तर "दोन्ही जिल्ह्यांची नावं सांगा" म्हणायचं.

"रेशन कार्ड कोणत्या रंगाचं?"

"केशरी. पण ते गावचं आहे. सांगोल्याचं. सासऱ्यांच्या नावावर."

"चालेल. महाराष्ट्रातलं आहे ना? मुलाचं नाव आहे त्यात?"

नाव नव्हतं. नवऱ्याचं होतं, लग्नानंतर ताईंचंही चढलं होतं, पण पोरगा मुंबईत जन्मला आणि तेवढ्या एका कामासाठी गावी जायला कुणाला सवड झाली नाही.

"जन्मदाखला आहे?"

"आहे. पण त्यावर बाळाच्या नावाची जागा रिकामी आहे."

पलीकडची बाई कंटाळली नाही. मुलाचं नाव रेशन कार्डात नसेल तर आई किंवा वडलांबरोबर काढलेला त्याचा फोटो, जन्मदाखला आणि आई-वडलांचं नाव असलेलं मूळ रेशन कार्ड आरोग्यमित्राला दाखवा, असं तिने सांगितलं. मग तिने आजाराचं नाव विचारलं. ताई म्हणाल्या, "हृदयाचं." तिला नेमकं हवं होतं. केसपेपरची घडी उघडली, इंग्रजीतली तीन अक्षरं वाचून दाखवली, तेव्हा कुठे तिने कोणत्या रुग्णालयात मुलांच्या हृदयाचे उपचार योजनेत होतात ते सांगितलं.

या शेवटच्या गोष्टीकडे लोकांचं लक्ष जात नाही. "अमुक हॉस्पिटल योजनेत आहे का?" याचं उत्तर "हो" आलं म्हणजे काम झालं असं वाटतं. पण रुग्णालय योजनेत घेतलेलं असतं ते काही ठरावीक विभागांसाठी. हाडांसाठी असेल आणि मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी नसेलही. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत, ते खासगीत योजनेतून होतच नाहीत. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: "या हॉस्पिटलमध्ये, या आजाराचा, हा उपचार योजनेतून होतो का?" केसपेपर समोर उघडा ठेवून, डॉक्टरांनी लिहिलेलं अक्षरन् अक्षर वाचून. वाचता येत नसेल तर नर्सकडून आधी मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाच लागत नाही.

तीन कागद

आता मुलाच्या कागदांबद्दल जरा सविस्तर, कारण खरा वेळ इथे जातो.

पहिला जन्मदाखला. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी असं जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो. बाळंतपण दवाखान्यात झालं तर कळवायचं काम दवाखान्याचं, त्यामुळे मुंबईत बहुतेक बाळांची नोंद होतेच. अडतं ते नावावर. बारसं व्हायचं असतं, नोंद आधीच गेलेली असते, आणि दाखल्यावर नावाची जागा रिकामी राहते. ते नाव पहिल्या वर्षाच्या आत फुकट घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. ज्या वॉर्डात जन्म झाला त्या महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जायचं. घर कुठल्या वॉर्डात आहे याच्याशी संबंध नाही. राहायला गोवंडीत आणि बाळंतपण परळला झालं असेल तर परळच्या वॉर्डात. हा एक हेलपाटा या वाक्याने वाचतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर शाळा, आधार अशा अनेक ठिकाणी जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला धरायचा, असं दुरुस्त कायद्यात आलं आहे. त्यामुळे तो नावासकट असलेला बरा.

दुसरं आधार. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं आधार बोटांचे ठसे न घेता निघतं, आई किंवा वडलांच्या आधारला जोडून. त्याचं कार्ड निळं असतं. पाच वर्षं झाली की ठसे आणि डोळे द्यायला न्यावं लागतं, पुन्हा पंधराव्या वर्षी. ते केलं नाही तर ऐन वेळी ठशांनी ओळख पटत नाही आणि दवाखान्यातल्या मशीनसमोर पोराचा अंगठा पुन्हा पुन्हा दाबत बसावं लागतं. आधारची हेल्पलाइन १९४७. स्वातंत्र्याचं साल, त्यामुळे लक्षात राहतं.

तिसरं रेशन कार्ड. शिधावाटप कार्यालयात जन्मदाखला आणि मुलाचं आधार देऊन नाव चढवायचं. रेशनची हेल्पलाइन १९६७. फोनवर दोनच गोष्टी विचारा: आमचा भाग कोणत्या कार्यालयाखाली येतो, आणि नाव वाढवायला आज कोणते कागद लागतात. 'आज' मुद्दाम म्हटलं, मागच्या वर्षी शेजारणीला लागलेले कागद आपल्याला लागतीलच असं नाही.

तिन्ही कागदांवर नाव एकच हवं. एकावर 'शेख' आणि दुसऱ्यावर 'शैख', एकावर आईचं माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं, एकावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर शेवटी, असल्या बारीक फरकावरून नोंदणी थांबलेली मी पाहिली आहे. हे कॉल करायच्या आधी घरी बसून ताडून बघता येतं. कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडायचे आणि बोट ठेवून वाचायचे.

आणि ओटीपी. घरातल्या सगळ्यांच्या आधारला बहुधा नवऱ्याचाच मोबाइल जोडलेला असतो. बाई दुपारी फोन लावते, ओटीपी जातो भिवंडीच्या गोदामात, तिथे शिफ्टला असताना मोबाइल लॉकरमध्ये. संध्याकाळी तो बघतो तेव्हा ओटीपी मेलेला. ज्या कामाला ओटीपी लागणार ते काम नवरा घरी असेल त्याच दिवशी काढावं, किंवा बाईचा नंबर तिच्या आधारला जोडून घ्यावा. दुसरा उपाय मला जास्त पटतो, आणि तो विम्यापुरताच नाही.

कागद नाहीत आणि वेळही नाही

मूल अत्यवस्थ असेल तर कागदांसाठी थांबू नका. १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते, पैसे लागत नाहीत. बाळंतीण आणि वर्षाच्या आतलं बाळ यांना सरकारी दवाखान्यात न्या-आणायला १०२ आहे. जन आरोग्य योजनेतही तातडीच्या केससाठी सोय आहे. रुग्णालय फोनवरून योजनेला कळवून मंजुरी घेऊ शकतं आणि उपचार सुरू करू शकतं, कागद मागाहून ठरलेल्या मुदतीत द्यायचे. ही सोय रुग्णालयाने वापरायची आहे, पण आठवण आपण करून द्यावी लागते. आरोग्यमित्राला स्पष्ट म्हणायचं, "इमर्जन्सी आहे, टेलिफोनवरून इंटिमेशन द्या, कागद आम्ही आणतो." हे शब्द ऐकले की समोरच्याला कळतं की या लोकांना नियम माहीत आहे. तिथून बोलण्याचा सूर बदलतो.

परराज्यातलं घर

शेजारी उत्तर प्रदेश, बिहारचे असतील तर त्यांच्या गावच्या रेशन कार्डावर राज्याची योजना चालणार नाही. पण त्यांच्या कुटुंबाचं नाव केंद्राच्या आयुष्मान भारतच्या यादीत असू शकतं. ही योजना सप्टेंबर २०१८ पासूनची, कुटुंबाला वर्षाला पाच लाख, आणि आपलं राज्य सोडून दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालणारी. हेल्पलाइन १४५५५. हिंदी चालते. इथे विचारायचं असं: "आमचं कुटुंब यादीत आहे का, आणि त्यात या मुलाचं नाव जोडायला काय करावं?" यादी मुळात २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून बनलेली, तेव्हा आज दहा-बारा वर्षांचं असलेलं मूल तिच्यात कुठून असणार? ते जोडावं लागतं, आणि जोडता येतं. घरातल्या एकाचं कार्ड निघालं म्हणजे सगळ्यांचं निघालं असं नाही, प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवून वेगवेगळं कार्ड काढायचं.

इथेच एक सावधगिरीचं सांगते. स्टेशनबाहेर छत्री लावून बसलेल्या कुणाकडून तरी 'आभा' कार्ड काढून घेतलेलं असतं आणि घरी समज असतो की आयुष्मान कार्ड झालं. आभा म्हणजे तुमच्या तपासण्यांच्या नोंदी ऑनलाइन ठेवण्यासाठीचा १४ आकडी नंबर. तो कुणालाही मिळतो, त्यावर उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. दोन्ही कार्डांवर 'आयुष्मान' लिहिलेलं असल्याने गफलत होते. शंका असेल तर १४५५५ वर विचारून खात्री करा.

विमा नाही, पण मदत आहे

बाळात जन्मजात दोष असेल, किंवा ते वेळेवर बसत-बोलत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम विसरू नका. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच त्याची सुरुवात झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी आणि पुढे मोफत उपचार, असं त्याचं स्वरूप आहे. हृदय, फाटलेले ओठ, वाकडी पावलं अशांवरच्या शस्त्रक्रिया त्यातून होतात. अंगणवाडी सेविकेला किंवा सरकारी दवाखान्यात बालरोग विभागात विचारलं तरी रस्ता कळतो.

आई-वडलांपैकी एकाचा पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयसीचे, म्हणजे कामगार राज्य विमा महामंडळाचे, पैसे कापले जात असतील, तर मुलाचे उपचार त्यातून होतात. ओपीडी आणि औषधांसकट, जे जन आरोग्य योजनेत नाही. अट एकच, मालकाने कुटुंबाच्या नोंदीत मुलाचं नाव घातलेलं असावं. कंपनीतल्या एचआरला विचारायला संकोच वाटत असेल तर १८००-११-२५२६ वर स्वतःचा विमा क्रमांक सांगून आधी बघून घ्या.

धर्मादाय रुग्णालयांचं तर फार थोड्यांना माहीत असतं. मुंबईतली बरीच बडी, काचेच्या दारांची रुग्णालयं ट्रस्टची आहेत. कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. दाखला तहसीलदाराचा, किंवा रेशन कार्ड. रिसेप्शनवर "बेड नाही" म्हटलं तर तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन बोलावं. तिथेही दाद लागली नाही तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

कंपनीची पॉलिसी असेल तर

खासगी विमा घेणाऱ्या घरांत बाळाबद्दल हमखास एक चूक होते. फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी आहे, तेव्हा बाळ जन्मलं की त्यात आलंच, असं धरून चालतात. बहुतेक पॉलिसींत बाळाला ९० दिवस झाल्यावरच घेता येतं, आणि तेसुद्धा कंपनीला कळवून, हप्त्याचा फरक भरून. पहिल्या दिवसापासून संरक्षण हवं असेल तर ते बाळंतपणाच्या कव्हरबरोबर आधीच घेतलेलं लागतं. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केलात तर हे तीन प्रश्न विचारा: बाळ कोणत्या तारखेपासून धरलं जाईल, जन्मजात दोषांचं काय, आणि आधीपासूनच्या आजारासाठी किती महिने थांबावं लागेल. शेवटच्या प्रश्नाला नियमाची मर्यादा आहे, ३६ महिन्यांपेक्षा जास्त थांबायला सांगता येत नाही. फोनवर गोड बोलून विकलेली पॉलिसी हातात आल्यावर वेगळीच निघाली तर ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. फोनवर जे सांगितलं ते ईमेलवर मागा. "ईमेल करतो सर" म्हणून जो टाळतो, त्याच्या सांगण्यावर किती विसंबायचं ते आपलं आपण ठरवावं.

कंपनीने क्लेम अडवला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार, मग विमा नियामक आयआरडीएआयची हेल्पलाइन १५५२५५. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे. फी नाही, वकील लागत नाही.

फसवणूक आणि तक्रार

गूगलवर 'आयुष्मान हेल्पलाइन मुंबई' असं टाकून वर दिसणाऱ्या दहा आकडी मोबाइल नंबरवर कधीही फोन करू नका. सरकारी हेल्पलाइन मोबाइल नंबरवरून चालत नाहीत. नोंदणीला पैसे मागणारा, "तुमच्या मुलाचं कार्ड बंद होतंय, आलेला ओटीपी सांगा" म्हणणारा, ॲप डाउनलोड करायला लावणारा, हे सगळे चोर. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिल्या तास-दोन तासांत कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

खऱ्या हेल्पलाइनवर बोलताना वहीत तारीख, वेळ, समोरच्याचं नाव आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. क्रमांक ते आपणहून देतीलच असं नाही, मागावा लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला की माणूस वेगळा असतो, आणि क्रमांक नसेल तर सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते.

सर्वात जास्त नुकसान होतं ते वेळ चुकल्यामुळे. एका खासगी रुग्णालयात, योजनेत असूनही, एका जोडप्याकडून मुलीच्या ऑपरेशनच्या आधी "साहित्याचे" म्हणून पैसे भरून घेतले. पावती नुसत्या चिठ्ठीवर. त्यांनी विचारलं ते घरी आल्यावर, आठवड्याने. जन आरोग्य योजना कॅशलेस आहे. योजनेत नोंदणी न करता भरलेलं बिल मागाहून योजनेतून परत मिळत नाही, आणि नोंदणी असूनही कुणी पैसे उकळले असतील तर पावतीशिवाय ते सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून मूल अजून वॉर्डात असतानाच, पैसे मागितल्याक्षणी, मागणाऱ्यासमोरच १५५३८८ लावायचा. रुग्णालयाचं नाव, मुलाचा नोंदणी क्रमांक, किती आणि कशाचे मागितले ते सांगायचं, आणि भरावेच लागले तर छापील पावती घ्यायची. डिस्चार्ज कार्डावर सही करण्याआधी आरोग्यमित्राला एवढंही विचारायचं की पुढची औषधं आणि फेरतपासणी योजनेतून कधीपर्यंत मिळेल. घरी गेल्यावरही ठरावीक दिवसांची औषधं योजनेतच येतात, पण ती न मागता बाहेरच्या मेडिकलमधून विकत घेणारे रोज दिसतात.